तळाची फळी

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

पत्राला उशीर झाला. कामाची गर्दी होती. या थंडीत म्हातारी माणसं बरीच गेली आणि आमच्या कारखान्यात त्याला हंगाम म्हणतात. तू मला वाढवलंस तेव्हा मी शवपेट्या बनवीन असं तुला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. पण काम स्थिर आहे आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

गेल्या शनिवारी मात्र थोडी गडबड झाली. आमच्या चर्चचे बँडमास्तर वारले. पेटी आमचीच होती. कबरस्तानच्या फाटकातून आत वळलो आणि पायाकडची तळाची फळी सुटून खाली आली. तिच्यामागोमाग बँडमास्तरांचे दोन्ही पाय बाहेर आले. बूट घातले नव्हते, मोजे होते. एका मोज्याला टाचेवर वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. बँडमास्तरीणबाई रडत होत्या त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ते मोजे." बँड पुढे होता, त्यांना मागचं कळलं नाही. ते वाजवत कबरीपर्यंत गेले आणि तिथे आमची वाट पाहत उभे राहिले.

पेटी उचलायला आमच्याकडे चार माणसं आहेत. त्यातला एक फार उंच आहे, त्याला सगळे जिराफ म्हणतात आणि तोही ओ देतो. बाकीचे तिघं बेताच्या उंचीचे, म्हणून पेटी समतल राहावी यासाठी जिराफ गुडघे वाकवून चालतो. लांबून पाहिलं तर माणूस खुर्चीत बसलाय आणि खुर्ची चालतेय असं वाटतं. मालकांचं म्हणणं, तो डोक्याच्या बाजूला होता, त्याने मध्येच पाय सरळ केले, पेटी तिरकी झाली आणि सगळा भार पायाकडे आला. बँडमास्तर वजनदारही होते. असं होतं कधी कधी.

बाकी ठीक. थंडी आहे, पण वारा कमी झाला आहे. सकाळी धुकं असतं, दहानंतर निवळतं.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वसतिगृहात सगळं ठीक. मुलींच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, त्यामुळे संध्याकाळच्या प्रार्थनेला अचानक गर्दी होऊ लागली आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मालक काय म्हणाले ते त्यात आहे. बँडमास्तरीण काय म्हणाली ते आहे. वाऱ्याचं आणि धुक्याचं आहे. तू काय पाहिलंस ते नाही. लहानपणी माझी बरणी फुटली होती तेव्हा तू मला बाहेर आभाळ किती छान आलंय ते सांगायला आला होतास, आठवतंय? तेव्हापासून तू हवामानावर बोलायला लागलास की मी काचा शोधते.

तळ बसवायचं काम कारखान्यात कुणाचं आहे? गेल्या पत्रांवरून तरी तुझं. मग पेटी नुसती तिरकी झाली म्हणून फळी कशी सुटेल? मी पेट्या बनवत नाही, पण वसतिगृहातल्या ट्रंका मुली जिन्यावरून फेकतात, त्यांचे तळ सुटत नाहीत.

रागावून लिहीत नाही. विचारते आहे.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

तुझ्यापुढे वकील टिकणार नाही.

तळ मीच बसवतो. पूर्वी फळीला चारी बाजूंनी स्क्रू मारायचो. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात लागोपाठ माणसं गेली, रोज पेट्या लागायला लागल्या, तेव्हा मालक म्हणाले, तात्पुरते खिळे मार, खाली कोण बघतंय, वर पॉलिश नीट ठेव. आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तेव्हापासून खिळेच आहेत, तेही बारीक. मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. पण एकदा पेटी मातीखाली गेली की आपलं बरं वाटणं न वाटणं कुणी विचारत नाही.

आणि त्या दिवशी मी पेटीच्या मागे चालत होतो. खाली ठेवायची तिपाई माझ्याकडे असते. माझ्या नाकासमोर जिराफचे गुडघे होते. ते वाकलेलेच होते. फळी सुटली तेव्हाही तो वाकलेलाच होता. उलट पेटी सावरायला तो आणखी खाली गेला, त्याच्या पँटला माती लागली.

आता पुढचं. मालक चर्चचे वडील, म्हणजे एल्डर आहेत, कमिटीवर आहेत. त्यांनी कमिटीत मांडलं की जिराफने रविवारी मंडळीसमोर उभं राहून बँडमास्तरांच्या घरच्यांची माफी मागावी, म्हणजे प्रकरण मिटेल आणि त्याचं कामही राहील. जिराफ तयार आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, पण तुझी चूक नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुलाही माहीत आहे. फळीलाही माहीत आहे."

"मग माफी कशाला मागतोस?"

"आईला घेऊन नवीन काम शोधत फिरू का? गुडघे वाकवायची सवय आहे मला. एका रविवारी आणखी थोडे वाकवीन."

ताई, तो देवाच्या घरात उभा राहून खोटं कबूल करणार आहे आणि खोटं माझं आहे. त्याची सुटका मी बोललो तरच आहे. मी बोललो तर माझं काम जाईल. खोलीही जाईल, ती कारखान्याच्या मागेच आहे, मालकांचीच. आणि मालक वाईट नाहीत. मी इथे आलो तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांनी मला हत्यारं दिली. दर रविवारी चर्चमध्ये बायबलचा शास्त्रपाठ तेच वाचतात, आणि चांगला वाचतात.

मी रोज प्रार्थना करतो. देवाला सगळं सांगतो. त्याला आधीच माहीत असतं म्हणून ते सोपं जातं. धैर्य दे असं मागतो. ते आलं की बोलायचं, असं ठरवलं आहे. अजून आलेलं नाही. मालकांशी मात्र या आठवड्यात बोलतो.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

कार्डावर जागा कमी. मालकांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रागावले नाहीत. विचार करतो म्हणाले. तू प्रार्थना करत असशील, त्याबद्दल आभार. सविस्तर मागाहून.

तुझा,
धाकटा


५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कार्ड वाचलं आणि स्टोरच्या खोलीत जाऊन थोडी रडले. तिथे कांदे असतात, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

गुरुवारी महिला मंडळात उभी राहून मी तुझी साक्ष दिली. कारखान्याचं नाव घेतलं नाही, काळजी करू नको. एवढंच सांगितलं की माझ्या भावाने काम जाईल, छप्पर जाईल हे माहीत असून मालकाच्या तोंडावर सत्य सांगितलं. अध्यक्षीणबाईंनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली, त्यात तुझा उल्लेख लांबलचक आला. त्या माझ्या संस्थेच्या प्रमुखांच्या पत्नी, सहसा माझ्याकडे बघतही नाहीत. या वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला. मंडळातर्फे तुला स्वेटर विणायचं ठरलं. सगळ्यांनी मिळून विणलाय, म्हणून एक बाही जरा घट्ट आहे. सोबत पार्सल पाठवलं आहे.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आमच्या वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई मागे बसून ऐकत होती. प्रार्थना संपली तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी दुधात पाणी घालते. बरीच वर्षं. या बाईंच्या भावाला जमलं, मग मला का जमू नये?" मागून वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, मावशी." पण प्रमुखांनी चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं आहे. सध्या स्वयंपाक मी करते. मुली जेवणाआधी पूर्वीपेक्षा मनापासून प्रार्थना करतात.

स्वयंपाकीण घरी बसली आहे, पण परवा भेटायला गेले तर म्हणाली, "झोप लागते हो बाई." तुझ्यामुळे झालं हे. आईबाप असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं.

मालकांनी विचार करून काय ठरवलं ते कळव.

तुझी,
ताई


१३ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

पार्सल मिळालं. स्वेटर मी घातलेला नाही. मापापुरता एकदा घातला.

मी मालकांशी पॉलिशबद्दल बोललो.

म्हणजे झालं असं, की मी सगळं ठरवून त्यांच्या टेबलापुढे गेलो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "काय रे?" मी म्हटलं, "साहेब, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "सांग की." आणि माझ्या तोंडून निघालं की नवीन पॉलिश लवकर वाळत नाही, हाताला चिकटतं, जुनंच बरं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. विचार करतो म्हणाले. कार्डावर मी जे लिहिलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बसून जुळवून लिहिलं होतं. तू काय समजशील हे मला कळत होतं आणि तेच तू समजावंस म्हणून लिहिलं.

स्वयंपाकीणबाईंचं वाचल्यापासून घास उतरत नाही. न झालेल्या गोष्टीवर विसंबून ती बाई खरं बोलली आणि घरी बसली, आणि मी इथे खिळे मारतोय. काल तीन पेट्या केल्या. खिळे जास्त मारले. याला धैर्य म्हणता येईल का ते बघत होतो.

जिराफ या महिन्याच्या शेवटच्या रविवारी माफी मागणार आहे. त्याआधी शुक्रवारी कमिटी आहे, तिथे त्याच्याकडून वाक्य पाठ करून घेणार आहेत. माझं नाव कुणी घेतलेलं नाही. गप्प राहिलो तर घेणारही नाही.

स्वेटर परत पाठवू का?

तुझा,
धाकटा


२१ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचून घडी करून उशीखाली ठेवलं आणि पोळ्या करायला गेले. त्या दिवशीच्या पोळ्यांबद्दल मुली अजून बोलतात.

तुला रागावून पत्र लिहायला बसले. अर्धं लिहिलं होतं, चांगलं जमलं होतं. मग ध्यानात आलं की मंडळात जे मी सांगितलं ते खरं नाही हे आता मला कळलं आहे आणि गुरुवारी मंडळ आहे. गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं. तू तिकडे, मंडळ इकडे. अध्यक्षीणबाई आता मला नावाने हाक मारतात. मी रागाचं पत्र फाडलं. गुरुवारी डोकं दुखत असल्याचं सांगायचं ठरवलं. आणि ते खरोखर दुखायला लागलं, म्हणजे तेही खोटं ठरलं नसतं. तू माझाच भाऊ आहेस.

गेले. पहिलं गीत झालं, उठले नाही. दुसरं झालं, उठले नाही. तिसऱ्याला मी इतक्या मोठ्याने गायले की हार्मोनियम वाजवणारीने वळून पाहिलं. शेवटी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, कुणाला काही साक्ष द्यायची आहे का, आणि मी पाहिलं तर मी उभी होते. धैर्य वगैरे काही आलं नव्हतं. गुडघे शिवणयंत्रासारखे हलत होते. पण बोलायला गुडघे लागत नाहीत हे मला या वयात कळलं. मी म्हणाले, "माझा भाऊ अजून बोललेला नाही. मी चुकीचं समजले आणि तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो घाबरलेला आहे. मीही घाबरलेली आहे."

मग खजिनदारबाईंनी विचारलं, "मग स्वेटरचं काय?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "असू दे. तिकडे थंडी असेल." माझा हात या वेळी कुणी हातात घेतला नाही.

स्वयंपाकीणबाईच्या घरी जाऊन तिलाही सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "म्हणजे मी उगाचच बोलले?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "असू द्या. पाणी मी खरंच घालत होते."

तुला उपदेश करायला आता माझ्याकडे काही उरलं नाही. शुक्रवार कधी आहे ते मला माहीत आहे.

तुझी,
ताई


२ एप्रिल

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र कमिटीच्या आदल्या दिवशी आलं.

कमिटी चर्चच्या मागच्या खोलीत भरते. तिथे रविवार शाळेची बाकं आहेत, लहान मुलांची. त्यामुळे सगळे मोठे लोक गुडघे छातीशी घेऊन बसले होते. जिराफ मात्र उभा होता, त्याला छताचा पंखा सांभाळून उभं राहावं लागतं. मला बोलावलं नव्हतं. मी दार उघडून आत गेलो. चर्चच्या पाळकसाहेबांना वाटलं मी चहाचे कप न्यायला आलो, त्यांनी त्यांचा कप माझ्या हातात दिला.

तो कप हातात धरूनच मी बोललो. म्हटलं, "तळाला स्क्रू नव्हते, खिळे होते. खिळे मी मारले. मालकांनी सांगितलं होतं, पण मारले मी. जिराफचे गुडघे वाकलेले होते, मी मागून पाहिलं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासूनच्या सगळ्या पेट्या तशाच आहेत." बराच वेळ कप बशीवर वाजत होता, म्हणून शेवटचं वाक्य त्यांनी परत म्हणायला लावलं. ते मात्र पहिल्यापेक्षा अवघड गेलं. त्या खोलीत जवळजवळ प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या सगळ्या पेट्यांमध्ये होतं.

मालक म्हणाले, "याचं डोकं ठिकाणावर नाही." मग जिराफ वरून म्हणाला, "खरं आहे ते. मला रविवारची खोटी वाक्यं पाठ झाली होती." आणि पाळकसाहेब म्हणाले की रविवारची माफी रद्द, जिराफचं काम राहील, आता पुढचा विषय घेऊ. पुढचा विषय गळणारा नळ होता.

माझं काम त्याच संध्याकाळी गेलं. खोलीही गेली. मी जिराफच्या घरी राहतो. त्याच्या घराचं दार इतकं बुटकं आहे की तो इतका उंच कसा झाला कळत नाही. त्याची आई मला रोज विचारते, "किती दिवस राहणार?" आणि रोज जेवायला वाढते.

बँडमास्तरीणबाई आल्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते जाड होते म्हणून नाही ना झालं?" मी म्हटलं, "नाही. खिळे बारीक होते." "अख्खा गाव म्हणत होता जाड होते म्हणून," त्या म्हणाल्या. "तसे काही जाड नव्हते ते. कोट सैल शिवायचा शिंपी." आणि तिथेच बसून रडल्या. खूप दिवसांचं रडल्या.

पण ताई, खरं एकदा बोललं की संपतं, असं मला वाटत होतं. तसं नाही. आता रस्त्यात लोक थांबवतात. दूधवाला विचारतो, "आमच्या आजीची कशी होती?" पोस्टमन सायकलवरून उतरून विचारतो, "आमच्या बाबांची?" मी विचारतो, कधी गेले? त्या हिवाळ्याआधीचे असतील तर सांगतो, स्क्रू होते. नंतरचे असतील तर सांगतो, खिळे होते, मी मारले, मला क्षमा करा. काही जण करतात. पोस्टमनने केली नाही, पण तुझी पत्रं देतो.

तुझा,
धाकटा


९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र महिला मंडळात वाचलं नाही. मला एकटीलाच ठेवायचं होतं.

स्वयंपाकीणबाईला परत घेतलं. मुलींनी अर्ज केला होता. अर्जात तिच्या खरेपणाबद्दल दोन ओळी होत्या आणि माझ्या स्वयंपाकाबद्दल दीड पान.

एक सुचवते. जे मोठे आहेत, कमिटीवरचे, त्यांना खरं सांग. पण एखादी म्हातारी बाई रस्त्यात थांबून नवऱ्याचं विचारते, तिला "चांगली होती हो, मजबूत होती" असं म्हटलंस तर कुणाचं काय जातं? पेटी तर मातीत आहे. तुझं सांगायचं ते सांगून झालं. आता एखाद्या दुखऱ्या जिवाला थोडं बरं वाटू दे. प्रभू समजून घेईल. जेवत जा.

तुझी,
ताई


१८ एप्रिल

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

तुझं ऐकायचं असं मी ठरवलं होतं. खरं सांगतो, पत्र वाचून हलकं वाटलं. पुढची जी म्हातारी विचारील तिला "मजबूत होती" म्हणायचं, असं पक्कं केलं. पण पुढची म्हातारी आली नाही. मालक आले.

मी जिराफच्या अंगणात एका शाळेची बाकं दुरुस्त करत होतो, ते काम मिळालं आहे. मालक फाटकाशी उभे राहिले. त्यांनी हजामत केली नव्हती. मला वाटलं, हत्यारं परत मागायला आले, म्हणून मी ती पुसून पुढे केली. त्यांनी घेतली नाहीत. बाकावर बसले. रंग ओला होता, ते मी सांगितलं, तरी बसले.

म्हणाले, "घरच्यांची पेटी कशी होती?"

मालकीणबाई गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेल्या. अचानक. कारखान्यात तयार पेट्यांचा थर होता, त्यातून मालकांनी स्वतः एक निवडली. जिचं पॉलिश सगळ्यात चांगलं होतं ती.

ते म्हणाले, "तिने तुला जेवू घातलंय. आजारात तुझ्या खोलीवर पेज आणून दिलीय. तिच्या पेटीला तू स्क्रू मारले असशील. मला न विचारता मारले असशील. मारले ना?"

ताई, कमिटीपुढे मला काम आणि छप्पर जायची भीती होती. इथे माझं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली. एक "हो" म्हटलं असतं तर तो माणूस उठून घरी गेला असता आणि झोपला असता. तुझं पत्र खिशात होतं. बँडमास्तरीणबाई मला आठवल्या. त्यांचीही समजूत घालायलाच लोक म्हणाले होते, की वजनामुळे झालं, आणि तेच त्यांना लागलं होतं.

मी म्हटलं, "नाही, साहेब. ती पेटी आधीच तयार होती. ती कुणाची होणार हे मला माहीत नव्हतं. खिळेच होते."

"नक्की?"

"नक्की."

ते तसेच बसून राहिले. मी त्यांच्याजवळ बसलो, माझ्याही पँटला रंग लागला. प्रार्थना करावी असं वाटत होतं, पण सुरुवात कुणी करेना. वाचून दाखवायला त्यांना नेहमी समोर शास्त्र लागतं आणि मला तुझ्याशिवाय मोठ्याने जमत नाही. शेवटी मीच दोन वाक्यं बोललो. त्यात पॉलिश नव्हतं.

मग ते म्हणाले, "मी तुझ्या पाठीमागे लपलो. आणि त्या उंचाच्या गुडघ्यांमागे." थोड्या वेळाने म्हणाले, "या रविवारी शास्त्रपाठाच्या आधी मंडळीला सांगणार आहे. पाळकसाहेबांना कळवलंय. पण एकट्याला जमेल असं वाटत नाही. तू माझ्या बाजूला उभा राहशील का?"

ताई, हे तुला आवडणार नाही, पण मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, बोलायला सोपं गेलं असतं. मी हो म्हटलं. कामाचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर बाकाचे दोन हिरवे पट्टे उमटले होते. तेही मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी जिराफ आला, त्याला सगळं सांगितलं. मालक त्याचंही नाव घेऊन क्षमा मागणार आहेत, तेव्हा तूही पुढे येऊन उभा राहा, असं म्हटलं. तो बराच वेळ पोळी चावत राहिला. त्याची आई म्हणाली, "जाऊ नको. तुला गुडघ्यावर आणणारा माणूस तो." मलाही वाटलं, हा नाही म्हणणार, आणि त्याचा हक्कच आहे तो.

मग जिराफ म्हणाला, "येतो. पण मी मागच्या रांगेत उभा राहीन. पुढे उभा राहिलो तर म्हाताऱ्या बायकांना मालक दिसणार नाहीत, आणि एवढं बोलणार आहेत तर दिसायला हवेत."

तुझा,
धाकटा